तरफेचा न्याय : उसाच्या गाडीपासून भंडारदऱ्याच्या भिंतीपर्यंत

दिवाळी सरली, की नगर जिल्ह्यातील रस्त्यांवर उसाच्या गाड्या दिसू लागतात. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, नेवासे, कोपरगाव अशा सगळ्या बागायती पट्ट्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि ट्रक, ट्रॅक्टरच्या जोडीने टायरच्या बैलगाड्याही कारखान्याच्या वाटेला लागतात. गाडी भरताना गाडीवान एक गोष्ट हटकून करतो. चार मोळ्या पुढे टाकल्या, की दोन मागे टाकतो. मग जू किंचित उचलून पाहतो आणि पुन्हा एखादी मोळी सरकवितो. मागे भार जास्त झाला, तर गाडी 'उलाळ' झाली असे तो म्हणतो. पुढे जास्त झाला, तर बैलांच्या मानेवर ओझे पडते. कोणतेही पुस्तक न उघडता तो जो हिशेब करीत असतो, तो सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आर्किमिडीजने भूमितीच्या भाषेत मांडला. त्यालाच आपण तरफेचा नियम म्हणतो.

२०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झालेला हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. शेती, पाणी आणि दगड या तिन्हींशी इथल्या माणसाची झुंज जुनी आहे. या झुंजीत त्याने वापरलेली साधने, म्हणजे पहार, मोट, गाडी, यारी आणि धरणसुद्धा, एकाच शास्त्राच्या आधाराने उभी आहेत. त्या शास्त्राची ही तोंडओळख.

तरफ म्हणजे काय?

एखाद्या आधारबिंदूभोवती फिरू शकणारा ताठ दांडा म्हणजे तरफ. ज्या बिंदूवर दांडा टेकतो तो टेकू. जे उचलायचे तो भार आणि त्यासाठी आपण लावतो ते बल. टेकूपासून भारापर्यंतचे अंतर ही भारभुजा, तर टेकूपासून बलापर्यंतचे अंतर ही बलभुजा. तरफ समतोल असताना बल गुणिले बलभुजा हे भार गुणिले भारभुजा याच्याबरोबर असते. शाळेत पाठ केलेला नियम तो एवढाच. (बल खरे तर न्यूटन या एककात मोजतात. या लेखात सोयीसाठी 'इतक्या किलोचे बल' असे म्हटले आहे. इतक्या किलोच्या वस्तूचे जेवढे वजन, तेवढे बल असा त्याचा अर्थ घ्यावा.)

विहिरीच्या कामावरची पहार घ्या. दीड मीटर लांबीच्या पहारीखाली टोकापासून १५ सेंटिमीटर अंतरावर दगडाचा टेकू ठेवला, तर भारभुजा १५ सेंटिमीटर आणि बलभुजा १३५ सेंटिमीटर होते. गुणोत्तर नऊ. म्हणजे टोकावर १८० किलोचा भार असेल, तर दुसऱ्या टोकावर २० किलोचे बल पुरते. एका माणसाला न हलणारा धोंडा हलतो तो असा.

मात्र हा नफा फुकट मिळत नाही. धोंडा एक सेंटिमीटर वर यायचा, तर हातातले टोक नऊ सेंटिमीटर खाली न्यावे लागते. बल नऊ पटींनी कमी झाले, पण अंतर नऊ पटींनी वाढले. बल आणि अंतर यांचा गुणाकार, म्हणजे शास्त्राच्या भाषेतील 'कार्य', तेवढेच राहिले. सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर गॅलिलिओने यंत्रांवरील आपल्या लिखाणात हाच मुद्दा ठासून मांडला होता. यंत्राने निसर्गाला फसवता येते, ही कारागिरांची समजूत चुकीची आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. यंत्र कार्य निर्माण करीत नाही. ते बल, अंतर आणि दिशा यांची अदलाबदल करून देते आणि या व्यवहारात घर्षण आपली दलाली कापून घेते.

तरफेचे तीन प्रकार

टेकू, भार आणि बल यांपैकी मध्ये कोण आहे, यावरून तरफेचे तीन प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारात टेकू मध्ये असतो. तराजू, कात्री, सांडशी, पहार आणि बागेतला सी-सॉ ही त्याची उदाहरणे. येथे बलाची बचत होईल की वेगाची, हे टेकू कोठे आहे त्यावर ठरते. पत्रा कापण्याच्या कात्रीची पाती आखूड आणि मुठी लांब असतात, तर शिंप्याच्या कात्रीची पाती लांब असतात. पहिलीला जोर हवा असतो, दुसरीला लांब काप हवा असतो.

दुसऱ्या प्रकारात भार मध्ये असतो. एका टोकाला बिजागरी असलेला अडकित्ता, लिंबू पिळण्याचे यंत्र, बांधकामावरची एकचाकी ढकलगाडी ही या गटातली. येथे बलभुजा भारभुजेपेक्षा नेहमीच लांब असते. म्हणून बलाची बचत ठरलेली. सुपारी दातांनी फुटत नाही, पण अडकित्त्यात सहज फुटते.

तिसऱ्या प्रकारात बल मध्ये असते. चिमटा, केरसुणी आणि आपला स्वतःचा हात या तरफा तिसऱ्या प्रकारच्या आहेत. यांत बल वाचत नाही, उलट जास्त लागते. मिळतो तो वेग आणि हालचालीचा आवाका. दंडाचा स्नायू कोपराच्या सांध्यापासून सुमारे चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि हातातले ओझे त्याच सांध्यापासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर असते. तेव्हा दहा किलोची पिशवी कोपरात हात वाकवून धरली, तर त्या स्नायूला सत्तर-ऐंशी किलोचे बल लावावे लागते. बाजारातून घरी येईपर्यंत हात का भरून येतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

मोळी डोक्यावर का?

हाच हिशेब ऊसतोडणीच्या फडात पाहण्यासारखा आहे. पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे तोडणीसाठी कारखान्यांच्या भागात येतात. कोयता ही पाचर आणि तरफ यांची जोडी आहे. पात्याची धार ही पाचर. हाताची आणि मुठीची लांबी ही तिला वेग देणारी तरफ. तोडलेल्या उसाची मोळी बांधून ती डोक्यावर घेतली जाते आणि अरुंद फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकली जाते. या कामात स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

मोळी जमिनीवरून वाकून उचलताना तिचे वजन कमरेच्या मणक्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर पुढे असते. पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर ओढ घेतात. गुणोत्तर आठ. म्हणजे २५ किलोच्या मोळीसाठी पाठीच्या स्नायूंना २०० किलोचे बल लावावे लागते आणि धडाचे स्वतःचे वजन पेलण्याचा ताण वेगळाच. तीच मोळी डोक्यावर आली, की तिचे वजन मणक्याच्या जवळजवळ रेषेत येते. भारभुजा नाहीशी होते आणि पाठीला फक्त मोळीचे वजन सोसावे लागते. म्हणूनच मोळी डोक्यावर चढविताना दुसऱ्याचा हात घेण्याची पद्धत शहाणपणाची आहे. घातक असते ते वाहून नेण्यापेक्षा एकट्याने उचलणे. मानेवर आणि गुडघ्यांवर पडणारा दाब यातून सुटत नाही, हेही खरे. फडात पाठदुखी ही तक्रार सरसकट ऐकू येते, त्यामागे ही आठपट आहे.

बैलाच्या मानेवर किती?

आता पुन्हा गाडीकडे वळू. दोन चाकांची बैलगाडी म्हणजे चाकांवर बसविलेली तरफच. आस हा तिचा टेकू, उसाचा ढीग हा भार आणि जू हे दुसरे टोक. गाडीत दीड टन ऊस आहे आणि आसापासून जू तीन मीटर पुढे आहे असे समजू. उसाच्या ढिगाचा गुरुत्वमध्य बरोबर आसावर असेल, तर बैलांच्या मानेवर काहीच वजन येणार नाही. तो दहा सेंटिमीटर पुढे गेला, तर १५०० गुणिले ०.१ भागिले ३, म्हणजे ५० किलो वजन दोन मानांवर पडते. तीस सेंटिमीटर पुढे गेला, तर हाच आकडा १५० किलो होतो. उलट तो दहा सेंटिमीटर मागे गेला, तर जू ५० किलोच्या बलाने वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यातील जोते त्यांना आवळू लागते. उलाळ गाडी ती हीच.

सपाट रस्त्यावर साधलेला समतोल चढउतारावर टिकत नाही. ऊस उंच रचलेला असतो. त्याचा गुरुत्वमध्य आसाच्या एक मीटर वर आहे असे धरले, तर दहास एक अशा चढावर तो आसाच्या मानाने सुमारे दहा सेंटिमीटर मागे सरकतो आणि तेवढ्याच उतारावर दहा सेंटिमीटर पुढे येतो. म्हणजे एकाच गाडीचे, एकाच भाराचे मानेवरचे वजन चढ आणि उतार यांच्यात १०० किलोंनी बदलते. गाडी जितकी उंच भरावी, तितका हा फरक वाढतो. उतारावर मानेवरचा भार आणि मागून येणारा रेटा असे दोन्ही एकदम वाढतात. अनुभवी गाडीवान अशा वेळी धुरेवरून उतरून चालू लागतो, त्यामागे बैलावरची माया आहे तशीच तरफही आहे. साठ किलोचा माणूस आसापासून दीड मीटर पुढे बसला असेल, तर त्याचे ३० किलो मानेवर येतात. तो उतरला, की तेवढे ओझे कमी होते.

यावरून एक व्यावहारिक सूत्र निघते. गाडीत भार किती घातला, एवढाच प्रश्न नसतो. तो कोठे आणि किती उंचीवर घातला, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असतो. ट्रॅक्टरच्या दोनचाकी ट्रॉलीलाही हेच लागू पडते. मागे जड झालेली ट्रॉली ट्रॅक्टरची मागची चाके उचलू पाहते, त्यांची जमिनीवरची पकड सुटते आणि चढावर गाडी हाताबाहेर जाते.

मोट : कप्पी आणि उतरण

विजेचे पंप आणि ऑइल इंजिने घरोघर येण्यापूर्वी नगरच्या दुष्काळी पट्ट्यातील विहिरींवर मोटेचा करकराट पहाटेपासून ऐकू येत असे. चामड्याची किंवा पत्र्याची मोट, तिला बांधलेला जाड नाडा, विहिरीच्या काठावरचे चाक आणि बैलांना चालण्यासाठी विहिरीपासून दूर उतरत जाणारी 'धाव' असा तो सरंजाम होता. मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक सोल तिला वर येईपर्यंत मिटून धरी. मोट काठावर आली, की सोंड मोकळी होऊन पाणी थारोळ्यात ओतले जाई.

मोटेचे चाक बल वाचवते, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. एकाच जागी बसविलेली कप्पी फक्त बलाची दिशा बदलते. दीडशे लिटर पाणी वर खेचायचे, तर दोरावर दीडशे किलोचीच ओढ लागते, शिवाय चाकाच्या घर्षणापोटी थोडी जास्त. साधारण चारशे किलोचा बैल आपल्या वजनाच्या सुमारे एक दशांश एवढे बल दीर्घकाळ लावू शकतो, असे मानले जाते. म्हणजे जोडीचे बल ८० किलो. मग दीडशे किलोची मोट वर येते कशी?

उत्तर धावेत आहे. धाव उताराची असते. सहास एक असा उतार धरला, तर आठशे किलोच्या जोडीच्या वजनाचा सहावा हिस्सा, म्हणजे सुमारे १३३ किलो, उताराच्या दिशेने ओढ देतो. जोडीचे स्वतःचे ८० आणि वजनाचे १३३ मिळून २१३ किलो. मोट सहज वर येते. बैल नुसता ओढत नाही. तो आपले वजन दोरावर टाकतो. हा उतरणीचा चतुर उपयोग ज्या अज्ञात शेतकऱ्यांनी शोधला, त्यांना यंत्रशास्त्राचे ज्ञान नव्हते असे कोण म्हणेल?

पण कार्याचा हिशेब येथेही चुकत नाही. खाली गेलेले बैल पुन्हा वर आणावे लागतात. आठशे किलोचे वजन प्रत्येक खेपेला चढवायचे आणि त्या चढण्यातून एक थेंबही पाणी मिळत नाही. धावेने क्षणाचे बल वाढविले, पण एकूण श्रम वाढविले. दिवसभर मोट चालवून जेमतेम लहानसा तुकडा भिजे, याचे हे एक कारण. विहिरी खोल गेल्या, तशी खेप लांबली, श्रम वाढले आणि पाणी मात्र मोटेइतकेच राहिले. पंप आल्यावर मोट इतक्या लवकर अडगळीत का गेली, हे यावरून ध्यानात येते.

चारशे बैलांची तोफ

उतरणीचे आणि घर्षणाचे याहून भव्य उदाहरण नगरच्या इतिहासात आहे. निजामशाहीच्या काळात १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ ओतली. तिची लांबी सुमारे साडेचार मीटर आणि वजन ५५ टनांच्या आसपास सांगितले जाते. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. तेथून १६३२ मध्ये ती विजापूरला नेण्यात आली आणि आजही तेथील बुरुजावर आहे. ती ओढण्यासाठी चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे लागली, अशी परंपरागत माहिती आहे.

या आख्यायिकेची कसोटी यंत्रशास्त्राने घेता येते. चारशे बैलांचे बल, प्रत्येकी ४० किलो धरून, १६ टन होते. लाकडी घसरगाडीवर तोफ नुसती फरफटत न्यायची, तर घर्षणापोटी वजनाच्या सुमारे ४० टक्के, म्हणजे २२ टन बल लागले असते. ते चारशे बैलांच्या आवाक्याबाहेरचे होते. चाकांवर किंवा ओंडक्यांवर ठेवून कच्च्या रस्त्याने न्यायची, तर वजनाच्या दहा टक्के धरून साडेपाच टन पुरे झाले असते. दहास एक असा चढ आला, की त्यात आणखी साडेपाच टनांची भर पडते. एकूण अकरा टन. म्हणजे चाक आणि सौम्य चढ यांच्या मदतीने चारशे बैलांनी ती ओढली असणे शक्य आहे. चढ त्याहून फार तीव्र झाला, की हत्तींची गरज लागणार. परंपरेचा आकडा अगदीच हवेतला नाही, एवढे तरी म्हणता येते.

पाचर, मळसूत्र आणि घर्षणाचा उपकार

साध्या यंत्रांची परंपरागत यादी सहा नावांची आहे : तरफ, कप्पी, चाक व आस, उतरण, पाचर आणि मळसूत्र. यांतील शेवटची दोन्ही उतरणीचीच रूपे आहेत. पाचर म्हणजे सरकती उतरण. काळा दगड फोडताना पाथरवट ओळीने भोके पाडून त्यांत पोलादी पाचरी ठोकतो. दहा सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर जाड पाचर घर्षण सोडल्यास बल पाचपट करते आणि मुख्य म्हणजे खाली मारलेल्या घणाचे बल आडवे वळवते.

मळसूत्र म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेली उतरण. ट्रॉलीचे चाक बदलताना लावला जाणारा मळसूत्री जॅक पाहा. त्याचा दांडा ३० सेंटिमीटरचा आणि आट्यांमधील अंतर सहा मिलिमीटर असेल, तर एका फेऱ्यात हात सुमारे १८८ सेंटिमीटर फिरतो आणि भार फक्त सहा मिलिमीटर वर येतो. कागदावर ही बचत तीनशेपटींहून जास्त. प्रत्यक्षात अर्ध्याहून अधिक कार्य घर्षणात जाते. पण हे नुकसानच येथे उपकारक ठरते. घर्षण एवढे असते, म्हणून हात काढला तरी जॅक आपोआप खाली फिरत नाही आणि गाडीखाली काम करणाऱ्याचा जीव सुरक्षित राहतो.

चाक आणि आस यांचे नगरी उदाहरण गुऱ्हाळात होते. बैल ज्या लांब दांड्याला जुंपलेला असे तो तीन मीटरचा आणि ऊस पिळणाऱ्या लाटेची त्रिज्या १५ सेंटिमीटर धरली, तर गुणोत्तर वीस. चाळीस किलोच्या ओढीचे लाटेच्या कडेवर आठशे किलो होतात. लोणी-प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. तेथील अजस्र लाटांना बैलाऐवजी वाफेची शक्ती मिळाली, तत्त्व मात्र तेच राहिले.

यारीचा धोका

विहीर खोदताना किंवा तिचा गाळ काढताना काठावर 'यारी' उभी करतात. उभा खांब, त्याला जोडलेला पुढे झुकणारा दांडा, दोर गुंडाळणारे यंत्र आणि मागच्या बाजूला समतोलासाठी ठेवलेले वजन किंवा दिलेला ताण असे तिचे स्वरूप असते. ही पहिल्या प्रकारची तरफ होय. पुढच्या बाजूला आधारापासून चार मीटरवर ३०० किलोचा दगडांनी भरलेला डबा असेल, तर मागे दोन मीटरवर निदान ६०० किलो वजन हवे.

येथे दोन गोष्टी घात करतात. पहिली म्हणजे दांड्याचा कोन. पाच मीटरचा दांडा जमिनीशी ६० अंशांचा कोन करीत असेल, तर भार आधारापासून आडव्या अंतराने अडीच मीटरवर असतो. तोच दांडा ३० अंशांपर्यंत खाली झुकविला, तर हे अंतर ४.३ मीटर होते. डब्यातला दगड तेवढाच, पण यारीला उलथविणारा परिणाम पावणेदोन पटींच्या जवळ जातो. दुसरी गोष्ट म्हणजे झटका. संथपणे लटकलेल्या भाराने दोरावर जेवढा ताण येतो, त्याच्या दुप्पट ताण तोच भार एकाएकी दोरावर आल्यास क्षणभर येतो. ढिला दोर हिसका बसून ताणला गेला, तर याहूनही अधिक. म्हणून मागचे वजन आणि दोराची ताकद ही नुसत्या भारापुरती धरून चालत नाही. दुपटीहून अधिक धरावी लागते. डबा वर जात असताना त्याच्या खाली कोणीही उभे राहू नये, हा नियम तर या सगळ्या आकड्यांच्याही आधीचा. विहिरीच्या तळाशी असलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

भंडारदरा : भिंत नव्हे, तरफ

तरफेचे जिल्ह्यातील सर्वांत मोठे उदाहरण अकोले तालुक्यात आहे. पर्यटक त्याकडे तरफ म्हणून पाहत नाहीत, इतकेच. प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचे दगडी धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते विल्सन धरण म्हणूनही ओळखले जाते. त्याची उंची सुमारे ८२ मीटर.

अशा गुरुत्व धरणाला उभे ठेवते ते त्याचे वजन. साठलेले पाणी भिंतीला आडवे ढकलते आणि तिला खालच्या अंगाच्या पायथ्याभोवती उलथवू पाहते. तो पायथा म्हणजे टेकू. एका बाजूला पाण्याचा रेटा, दुसऱ्या बाजूला दगडांचे वजन.

एका काल्पनिक धरणाचा हिशेब करू. उंची ८० मीटर, पायाची रुंदी ६० मीटर आणि छेद त्रिकोणी. भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर पाण्याचा रेटा ३,२०० टन येतो आणि तो तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे सुमारे २६.७ मीटरवर एकवटला आहे असे धरता येते. उलथविणारा परिणाम झाला सुमारे ८५ हजार टन-मीटर. दगडी बांधकामाची घनता पाण्याच्या २.४ पट धरली, तर भिंतीचे वजन ५,७६० टन आणि पायथ्यापासून त्याचे अंतर ४० मीटर. सावरणारा परिणाम सुमारे दोन लाख ३० हजार टन-मीटर. सावरणारे उलथविणाऱ्याच्या पावणेतीन पट. भिंत निश्चिंत दिसते.

पण पाणी भिंतीच्या खाली किंवा तिच्या सांध्यांत शिरले तर? ते वर दाब देते. वरच्या अंगाला पूर्ण दाब आणि पायथ्याशी शून्य असे मानले, तर हा उचल दाब २,४०० टन होतो आणि त्याचा परिणाम ९६ हजार टन-मीटर. म्हणजे पाणी भिंतीखाली पहार घालते. आता उलथविणारे एकूण एक लाख ८१ हजार झाले. पावणेतीन पटींची खात्री सव्वा पटीवर आली. एकोणिसाव्या शतकात धरणे बांधताना हा दाब सहसा हिशेबात धरला जात नसे. १८९५ मध्ये फ्रान्समधील बूझे येथील दगडी धरण फुटून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, तेव्हा अभियंत्यांचे लक्ष त्याकडे प्रकर्षाने वेधले गेले. धरणात पाझर गोळा करून बाहेर सोडणाऱ्या नाल्या असतात, त्या या दाबावरचा उपाय म्हणून.

भंडारदऱ्यालाही अशी कसोटी द्यावी लागली. १९६९ मध्ये धरणाच्या भिंतीला तडे गेल्याचे आणि गळती वाढल्याचे आढळले. खाली प्रवरेच्या काठी अकोले, संगमनेर अशी भरवस्तीची गावे आहेत. त्यानंतर भिंतीच्या खालच्या अंगाला आधारभिंती बांधून धरण बळकट करण्यात आले. त्या आधारभिंतींचे काम तरफेच्या भाषेत सहज समजते. त्यांनी भिंतीचे वजन वाढविलेच, शिवाय टेकू पुढे सरकविला. वरच्या काल्पनिक धरणात टेकू दहा मीटर पुढे गेला, तर मूळ वजनाची भुजा ४० वरून ५० मीटर होते. एक दगडही न वाढविता सावरणारा परिणाम पाव पटीने वाढतो. गाडीवान मोळी सरकवितो, त्यापेक्षा हे तत्त्वतः वेगळे नाही.

घरी करून पाहण्याजोगे

फूटपट्टी, पेन्सिल आणि एकसारखी नाणी घेऊन हा नियम कोणालाही पडताळून पाहता येईल. पट्टी पेन्सिलीवर समतोल करावी. एका बाजूला टेकूपासून पाच सेंटिमीटरवर चार नाणी ठेवावी आणि दुसऱ्या बाजूला दोन नाणी कोठे ठेवल्यास पट्टी सावरते, ते मुलांना शोधू द्यावे. दहा सेंटिमीटर हे उत्तर ती दोन-तीन प्रयत्नांत काढतात. त्यानंतर पेन्सिल थोडी सरकवून पुन्हा विचारावे. या वेळी पट्टीचे स्वतःचे वजनही हिशेबात येते आणि प्रश्न अवघड होतो. यारी उभारणाऱ्याला आणि धरण बांधणाऱ्याला सोडवावा लागतो तो हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर चुकले, तर चुकीचे ओझे बैलाच्या मानेवर, विहिरीतल्या माणसावर किंवा नदीकाठच्या गावावर पडते.